सुटीतले सिंहलद्वीप

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मराठीत आता पोरका राहिलेला नाही. किंबहुना तो थोडा अधिकच लाडावला आहे, असे म्हणण्याची वेळ आली आहे. समुद्र ओलांडून आलेला गृहस्थ एके काळी गावात विरळा असे, आणि त्याने काय पाहिले हे ऐकावयास माणसे ओटीवर जमत. आता ओटीवरील प्रत्येकजणच कोठेतरी जाऊन आलेला असतो. त्यामुळे 'काय पाहिले' या प्रश्नाची जागा 'किती दिवसांत पाहिले' या प्रश्नाने घेतली आहे. सिंहलद्वीप, म्हणजे आजचा श्रीलंका देश, हे या बदलाचे चांगले उदाहरण होय. मुंबईहून विमानाने तो सुमारे अडीच तासांवर आहे. (गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी एवढ्या वेळात परळहून सुटलेली एस. टी. पनवेल ओलांडील अशी खात्री कोणी देणार नाही.) पाच रात्री व सहा दिवसांत तो आटोपतो. परतल्यावर त्यावर लेख लिहिला जातो; आणि मासिकांतून, दिवाळी अंकांतून, स्वखर्चाने काढलेल्या पुस्तकांतून असे लेख आमच्या वाचनात बरेच आले. ते वाचून जे वाटले ते येथे मांडावयाचे आहे.

हा विचार आम्ही डिलाईल रोडवरून करीत आहोत, हे आरंभीच सांगितलेले बरे. नगरपालिकेच्या दप्तरी या रस्त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग असे आहे, आणि कामगारांसाठी आयुष्य वेचणाऱ्या त्या पुरुषाचे नाव येथे शोभतेही. पण जुन्या माणसांच्या तोंडी अद्याप डिलाईल रोडच आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबई विकास खात्याने बांधलेल्या चाळींपैकी बत्तीस येथल्या. प्रत्येक चाळीत ऐंशी खोल्या आणि प्रत्येक खोली सुमारे एकशे साठ चौरस फुटांची. भोवती गिरण्या होत्या; १९८२ च्या संपानंतर त्या एकेक करून निमाल्या आणि त्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. आता चाळींच्याही जागी मनोरे येत आहेत. येथल्या गिरणीकामगाराचा प्रवास एकच होता: शिमग्याला किंवा गणपतीला गावी जाणे व परत येणे. त्याचा नातू आज कोलंबोचे विमान पकडतो. यात हसण्यासारखे काही नाही. सहलीस जाणाऱ्यांची टिंगल करणारा एक विनोद आपल्याकडे फोफावला आहे. त्यात डबे, पुऱ्या, लोणची आणि उंच आवाज यांची यथेच्छ थट्टा असते. तो विनोद आम्हांस आवडत नाही. आमचा आक्षेप सहलीस नाही, सहलीच्या भाषेस आहे.

या भाषेत सिंहलद्वीपाचे आकर्षण म्हणून पहिल्याने येतो तो उष्ण कटिबंध. सोनेरी वाळू, निळा समुद्र, वाऱ्यावर झुलणारे माड आणि बारा महिने ऊन. वर्णन खोटे नाही. पण ते कोणाचे आहे? वर्षातले सहा महिने ज्यास सूर्य तुकड्यातुकड्याने मिळतो, अशा उत्तर युरोपातील माणसास ऊन ही खरोखरच पैसे मोजून घ्यावयाची वस्तू आहे. वरच्या मजल्यावर मे महिन्याच्या रात्री पंख्याखाली तळमळणाऱ्या माणसास सूर्यस्नानाचे आमिष दाखविणे म्हणजे देवगडच्या बागायतदारास आंब्याची ओळख करून देणे होय. 'उष्ण कटिबंध' हा शब्दच मुळी नकाशा समोर ठेवून दुरून पाहणाराचा आहे. त्या पट्ट्यात राहणारा मनुष्य त्यास आपले गाव म्हणतो. सहलकंपन्यांची पत्रके मूळ कोणत्या लोकांसाठी लिहिली गेली हे त्यावरून उघड होते, आणि पत्रक निदान मुकाट्याने आपला माल विकते. परंतु साहित्यिक म्हणविणारा लेखक जेव्हा तीच दृष्टी उसनी घेऊन माडाच्या झावळीवर दोन पाने खर्च करतो, तेव्हा त्याने स्वतःचे डोळे घरी ठेवले होते काय, अशी शंका येते.

कारण डिलाईल रोडच्या बहुतेक घरांस माड काही नवा नाही. ही घरे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा या भागांतून आलेली. त्यांतील कोकणच्या माणसास कोलंबोहून दक्षिणेकडे गॉलपर्यंत किनाऱ्याने नेले तर त्यास आधी परकेपणा वाटणारच नाही. लाल माती, फणस, काजू, केळीची बने, भाताचे तुकडे, पाणथळीतली कमळे, जिकडे तिकडे चिखलाचा वास. एका प्रवासवर्णनात तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया आणि नारळाचे दूध ह्या न्याहारीचे 'अद्भुत परदेशी पक्वान्न' म्हणून केलेले वर्णन आम्ही वाचले. तिकडे तिला इंदिआप्पा म्हणतात. लेखक मालवणकडचे होते. त्यांच्या आजीने लाकडी साच्यातून पाडलेले शिरवाळे आणि गूळ घातलेला नारळाचा रस त्यांनी लहानपणी खाल्ला नसेल, हे आम्ही मानावयास तयार नाही. पण आजीचे शिरवाळे लेखात आणले तर देश पुरेसा दूरचा वाटणार नाही, ही भीती त्यांस पडली असावी. माशाच्या कालवणात तेथे 'गोरका' नावाचे वाळलेले आंबट फळ घालतात. ते आपल्या कोकमाचे सख्खे भावंड, एकाच कुळातले झाड. सणासुदीस नारळाच्या दुधात शिजविलेला भात वड्या पाडून वाढतात, त्याचे नाव किरिबत. 'किरि' म्हणजे क्षीर आणि 'बत' म्हणजे भात. आपली खीर आणि आपला भात एका शब्दात शेजारी बसले आहेत. सिंहली ही आर्यकुळातील भाषा. तिच्या आणि मराठीच्या आज्या प्राकृतांच्या एकाच घरातल्या होत्या. ज्या मराठी लेखकाच्या कानास 'बत' या शब्दात 'भात' ऐकू येत नाही, त्याने त्या देशात आणखी काय ऐकले असेल?

म्हणजे मराठी माणसास सिंहलद्वीपाची जी ओढ वाटावी ती निराळेपणाची नव्हे, सारखेपणाची आहे. आणि हा सारखेपणा पुरता ओळखल्यावरच जे खरोखर निराळे आहे ते नजरेत भरते. आपल्याच वाडीसारखी वाडी, पण वळणावर देवचार किंवा रवळनाथ नाही. पांढऱ्याशुभ्र स्तूपाचा घुमट आहे, पाराने बांधलेला पिंपळ आहे, आणि त्यास पाणी घालावयास घागर घेऊन आलेली बाई आहे. कोकणातून बुद्धाचा धर्म नाहीसा झाला नसता तर कोकण कसे दिसले असते, याचे उत्तर तेथे रस्त्याकडेला उभे आहे. कान्हेरीची आणि पन्हाळेकाजीची लेणी ज्याने पाहिली आहेत त्याच्या मनात हा विचार आल्याशिवाय राहू नये. आमच्या वाचनात आलेल्या वर्णनांत तो आढळला नाही.

त्यांत सर्वत्र आढळला तो एक शब्द: 'शांत'. शांत मूर्ती, शांत विहार, शांत सरोवर, शांत भिक्षू आणि शेवटी 'बुद्धाचा हा शांत देश'. एका विशेषणावर एवढे ओझे घातले की ते विशेषण राहात नाही, उशी होते; लेखक तीवर डोके टेकून झोपी जातो. ज्या कँडीतील दंतधातूच्या मंदिराविषयी हा शब्द सर्वांत अधिक वेळा येतो, त्या मंदिराच्या दारात २५ जानेवारी १९९८ रोजी बॉम्बने भरलेली मालमोटार उडविण्यात आली होती. माणसे मेली, दर्शनी भाग उद्ध्वस्त झाला आणि पुढे तो पुन्हा बांधून काढावा लागला. १९८३ पासून २००९ पर्यंत त्या देशात यादवी युद्ध चालले. १९५६ मध्ये सिंहली ही एकच राजभाषा ठरविण्यात आली, त्या भांडणाची मुळे पुढे किती खोल गेली हे सर्वांस ठाऊक आहे. आणि त्या भांडणात चीवरधारी भिक्षू नेहमी मध्यस्थाच्या बाजूस होते असेही नाही. २०१९ च्या ईस्टरला चर्चांत आणि हॉटेलांत स्फोट झाले. २०२२ मध्ये पेट्रोलसाठी दिवसेंदिवस रांगा लागल्या आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षास देश सोडून पळावे लागले. इतके सोसलेल्या लोकांच्या चेहऱ्यावर जर शांतता असेल तर ती त्यांनी मिळविली आहे; ती हवामानाचा भाग नाही, आणि पाहुण्यांच्या सोयीसाठी तर मुळीच ठेविलेली नाही.

डोंगरावरील चहाच्या मळ्यांचेही तसेच. 'हिरवे मखमली गालिचे' हा शब्दप्रयोग आम्ही आता मोजणे सोडून दिले आहे. ह्या गालिच्यांवर पाने खुडणाऱ्या बायकांचे पूर्वज तामिळ प्रांतातून मजुरीसाठी नेले गेले. १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने त्यांतील लाखो माणसे एका रात्रीत कोणत्याच देशाची राहिली नाहीत, आणि हा प्रश्न पुरता मिटावयास २००३ साल उजाडावे लागले. त्यांची राहण्याची जागा म्हणजे रांगेने बांधलेल्या एकेका खोलीची बिऱ्हाडे. तेथे त्यांस 'लाइनी' म्हणतात. लंडनहून आलेल्या प्रवाशास त्या लाइनींत काही ओळखीचे दिसणार नाही. पण बी. डी. डी. चाळीत वाढलेल्या माणसास? एक खोली, बाहेर सामाईक नळ, भोंग्याबरोबर उठणारे घर, हे पाहण्यासाठी त्यास कोणत्याही मार्गदर्शकाची गरज नाही. ही दृष्टी त्याच्यापाशी फुकट आहे, आणि तीच तो सामानातून वगळून निघतो.

आता सुटीचा प्रश्न. सुटीत प्रवास करणाऱ्या माणसाने सुटी ही वस्तू कोठून आली याचा कधी विचार केला आहे काय? मुंबईच्या गिरणीकामगारास आठवड्याची सुटी आकाशातून पडली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा भरविल्या, अर्ज केले, मालकांशी वाद घातला, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. इंग्रजांचा तो देवाचा दिवस. पण येथल्या कामगारासही रविवार परका नव्हता, कारण तो खंडोबाचा वार. डिलाईल रोडवरच्या माणसाने विमानात बसताना या दिवसाची आठवण ठेवावी असा उपदेश आम्ही करीत नाही. परंतु तो ज्या देशात उतरतो त्या देशातही सुटीचा एक इतिहास आहे, आणि तो मोठा मनोरंजक आहे.

सिंहलद्वीपात दर पौर्णिमेस सार्वजनिक सुटी असते. तिला पोया म्हणतात. पालीतल्या 'उपोसथ' शब्दाचे हे झिजलेले रूप. १९६६ मध्ये तेथल्या सरकारने एक धाडस केले: शनिवार-रविवारची सुटी रद्द करून चंद्राच्या चार कलांप्रमाणे येणारे पोयाचे दिवस हीच साप्ताहिक सुटी ठरविली. चंद्राचा आठवडा कधी सात दिवसांचा तर कधी आठ दिवसांचा. साऱ्या जगाचा व्यापार एका तालावर आणि या बेटाचा दुसऱ्या तालावर अशी पाच वर्षे चालली. १९७१ मध्ये रविवार परत आला. पौर्णिमेची सुटी मात्र राहिली. त्या दिवशी दारू विकण्यास बंदी असते, मांसाची दुकाने बंद असतात, आणि हजारो माणसे पांढरी वस्त्रे नेसून दिवसभर शील पाळण्यासाठी विहारांत जाऊन बसतात. वैशाखी पौर्णिमेस, म्हणजे वेसाकला, गावोगाव कागदी कंदील लागतात आणि रस्त्यावर 'दन्सल' उभे राहतात. दन्सल म्हणजे दानशाला: येणाऱ्याजाणाऱ्यास हाताला धरून बसवायचे आणि फुकट जेवू घालायचे.

आता पाहा, वेसाक येतो तो बहुधा मे महिन्यात. आणि आमच्या मुलांच्या शाळांस सुटी असते तीही मे महिन्यात. दोन्ही देशांच्या सुट्या एका दिवशी समोरासमोर येतात, आणि आमचा प्रवासी काय लिहितो? रस्ते फार गर्दीचे होते, मद्यालये बंद होती, अमुक स्थळ पाहावयाचे राहिले. एका लेखात तर सहलकंपनीने 'चुकीच्या दिवसांत' नेल्याबद्दल सौम्य तक्रार होती. वर्षातील जो दिवस त्या देशाने स्वतःसाठी राखून ठेविला आहे तो चुकीचा दिवस! आणि हे लिहिणारा कोण? सहा डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या लाखोंच्या रांगेत पाणी, पोहे, डाळभात वाटणाऱ्या तरुणांची मुंबई ज्याने जन्मभर पाहिली तो. डिलाईल रोडच्या मंडळांतल्या कोणाही पोरास दन्सल समजावून सांगावा लागणार नाही; तो कदाचित डाव हातात घेऊन वाढावयास उभा राहील. सुटी म्हणजे कोणी तरी आपली सेवा करणे, एवढाच अर्थ आमच्या प्रवासवर्णनास ठाऊक आहे. सुटी म्हणजे दुसऱ्यास वाढणे हा अर्थ त्याच्या डोळ्यांसमोर पत्रावळीसह मांडला तरी तो त्यास रहदारीचा अडथळा वाटतो.

मराठी मुलुखाने सिंहलद्वीपाकडे नेहमी असेच पाहिले असते तर गोष्ट निराळी होती. परंतु या बेटाच्या मोहिनीवर आपल्या भूमीत जी सर्वांत जुनी रचना उरली आहे ती शब्दांत नाही, रंगांत आहे. आणि ती किती सावध आहे! अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, म्हणजे वाकाटक काळातील पाचव्या शतकाच्या अखेरीस, उजव्या भिंतीवर सिंहलावदान रंगविले आहे. व्यापाऱ्यांचे गलबत फुटते. ते एका रमणीय बेटास लागतात. सुंदर स्त्रिया त्यांचे स्वागत करतात, खाऊ-पिऊ घालतात, घरे देतात. त्या राक्षसिणी असतात. नायक सिंहल हे ओळखतो आणि एका दिव्य घोड्याच्या पाठीवरून निसटतो. ज्यांनी मोहाने मागे वळून पाहिले ते पडले. पुढे एक राक्षसीण राजाच्या अंतःपुरातच शिरते आणि त्या राजाचा घास घेते. मग सिंहल राजा होऊन बेट जिंकतो आणि बेटास त्याचे नाव पडते. परदेशी उतरणारा मोहित होतो आणि शेवटी मालक होतो, ही सगळी वसाहतींची कथा त्या भिंतीवर आधीच काढलेली आहे. त्या चित्रकारास राक्षसिणींची बाजू सुचली नाही, हे खरे. पण फुकट पाहुणचाराची किंमत कोणीतरी मोजत असते, एवढे त्यास पक्के कळले होते. आमच्या पाच रात्री सहा दिवसवाल्यांस तेवढेही कळत नाही.

दुसरी लंका रामायणाची. ती आमच्या भाषेत इतकी मुरली आहे की अंगावर दागिना नसलेल्या बाईस आम्ही 'लंकेची पार्वती' म्हणतो, आणि दूरच्या, निरुपयोगी वैभवास 'लंकेत सोन्याच्या विटा'. फाळक्यांनी १९१७ साली 'लंकादहन' पडद्यावर आणले. गेल्या काही दशकांत तेथल्या पर्यटनखात्याने भारतीय पाहुण्यांची ही ओढ ओळखून रामायणाशी जोडलेली स्थळे दाखविण्यास आरंभ केला. नुवर एलियाजवळ सीतेचे मंदिर आहे, तेथे आमची मंडळी गाडीतून उतरून नमस्कार करतात. त्यांच्या श्रद्धेविषयी बोलण्याचे आम्हांस कारण नाही. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. डिलाईल रोडच्या चाळींत एकाच मजल्यावर हिंदू घरे आणि बौद्ध घरे भिंतीस भिंत लावून राहात आली आहेत. एकाच गाडीत बसून दोन्ही घरची माणसे त्या बेटावर जातात. पण एक जातो तो रावणाच्या लंकेस, आणि दुसरा महेंद्र व संघमित्रा यांच्या सिंहलास. एकासाठी सीता एलिया मुख्य आणि अनुराधपूर वाटेवरचे. दुसऱ्यासाठी अनुराधपूरचा बोधिवृक्ष, जो गयेच्या मूळ वृक्षाच्या फांदीपासून वाढला असे मानतात, तोच प्रवासाचा हेतू. शेजारी शेजाऱ्याच्या लंकेकडे कसे पाहतो, गाडीत काय बोलणे होते, काय बोलणे टळते, ही सिंहलद्वीपावरील मराठी पुस्तकाची खरी सामग्री. आणि आमचे सर्व साहित्य तूर्त पहिल्याच्या बाजूने किंवा दोहोंच्या पलीकडच्या 'निसर्गप्रेमी'च्या बाजूने लिहिले गेले आहे.

येथे एका पुस्तकाचे स्मरण होते. धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' १९२४ साली निघाले. गोव्यातील साखवाळचा हा मनुष्य बुद्धाच्या धर्माचा मागोवा घेत पुणे, काशी, नेपाळ करीत १९०२ साली सिंहलद्वीपास पोहोचला. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी श्रामणेर झाला आणि पाली शिकला. प्रकृतीने तेथे फार दिवस साथ दिली नाही. पुढे तो ब्रह्मदेशात गेला. 'निवेदना'तील हा भाग निसर्गवर्णनासाठी कोणी वाचीत नाही. माड ज्याने जन्मापासून पाहिले त्यास माडांचे काय? त्यास त्या बेटाकडून एक विद्या हवी होती, जी आपल्या देशाने हरवली होती. आणि हवे ते मागताना लागणारी नम्रता, खाण्यापिण्याचे हाल, पैशाची चणचण हे सारे तो कोरड्या, सरळ वाक्यांत सांगतो. मराठीतील आमच्या आवडीच्या गद्यांपैकी हे एक. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंगा'त पूर्वेकडील देशांची माणसे ज्या जिव्हाळ्याने भेटतात त्याचे मोल आम्ही जाणतो; पण तो पाहुण्याचा जिव्हाळा आहे. कोसंबींचा विद्यार्थ्याचा आहे. १९३७ साली त्यांनी परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार काढला. सिंहलद्वीपात घेतलेले ऋण त्यांनी फेडले ते गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात, डिलाईल रोडपासून हाकेच्या अंतरावर.

त्याच परळच्या चाळीत अनेक वर्षे राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मे १९५० मध्ये कँडीस गेले. जगातील बौद्धांची पहिली परिषद तेथे भरली होती. ते भक्त म्हणून गेले नव्हते. बौद्ध आचार आणि विधी प्रत्यक्ष पाहावेत, हा धर्म तेथे कितपत जिवंत आहे आणि कितपत नुसती रूढी उरली आहे हे तपासावे, या हेतूने ते गेले. नागपूरची दीक्षा अजून सहा वर्षे दूर होती. घर बांधण्यापूर्वी शेजारची घरे पाहून यावी तशी ही भेट. आमच्या प्रवासवर्णनांत ज्याची सर्वांत उणीव आहे ती ही परीक्षकाची वृत्ती. आणि ही परीक्षा आवश्यकच होती, कारण सिंहलद्वीपाच्या बौद्धधर्मात एक गाठ आहे. तेथील भिक्षूंची परंपरा खंडित झाल्यावर १७५३ मध्ये सयामातून आलेल्या भिक्षूंनी उपसंपदा पुन्हा सुरू केली. तिच्यातून सयाम निकाय निघाला. पण पुढे त्याची दारे 'गोविगम' या शेतकरी उच्चजातीखेरीज इतरांस बंद झाली. ज्यांस नाकारले त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा आणली आणि अमरपुर निकाय स्थापिला. जात मोडणाऱ्या बुद्धाच्या संघात जात!

डिलाईल रोडच्या बौद्ध घरातून जो तरुण आपल्या वडिलांस घेऊन अनुराधपुरास जातो, त्याने हे ऐकले तर त्याच्या मनात काय होईल? आजोबांनी १९५६ साली जे टाकून दिले ते तीर्थाच्या जागी भेटावे! तो ते स्वीकारील, नाकारील, की वडिलांस सांगणारच नाही? हा प्रसंग आम्ही कल्पिलेला असला तरी तो घडण्यासारखा आहे, आणि घडतही असेल. तो लिहिला गेला तर सिंहलद्वीपावरील मराठी वाङ्मयात प्रथमच काहीतरी पणास लागलेले असेल. अशा यात्रांची टिपणे लिहिली जातात. ती जयंतीच्या स्मरणिकांतून, छोट्या नियतकालिकांतून छापली जातात, आणि 'ललित' नाहीत म्हणून आमचे समीक्षक त्यांजकडे वळत नाहीत. माडाच्या झावळीस ललित म्हणावयाचे आणि बोधिवृक्षाखाली थरथरणाऱ्या म्हाताऱ्यास म्हणावयाचे नाही, हा कोणता न्याय? या टिपणांतील भाषा पुष्कळदा भाबडी असते, उत्साहाने भरकटते, हे मान्य आहे. पण तीत 'शांत' हा शब्द आला तर तो दमून आलेल्या माणसाचा असतो.

प्रवासी आपल्या खुणा कशा ठेवतो याचा एक जुना नमुना त्याच बेटावर आहे. पाचव्या शतकात काश्यप राजाने सिगिरियाच्या खडकावर महाल बांधला. कड्याच्या पोटातील त्याच्या काळच्या स्त्रीचित्रांची तुलना नेहमी अजिंठ्याशी केली जाते. राजा गेला, महाल ओस पडला, आणि माणसे केवळ पाहण्यासाठी तेथे जाऊ लागली. चित्रांखाली चुन्याचा गुळगुळीत गिलावा केलेली एक लांब भिंत आहे. तीवर आठव्या ते दहाव्या शतकातील या प्रवाशांनी अणकुचीदार टोकाने पद्ये कोरली. परणवितान यांनी त्यांतील सहाशे पंचाऐंशी वाचून १९५६ साली प्रसिद्ध केली. लिहिणारांत भिक्षू आहेत, अधिकारी आहेत, स्त्रिया आहेत. कोणी चित्रांतल्या सुंदरींवर लुब्ध होतो, कोणी त्यांस बोल लावतो, कोणी आधीच्या कवीस टोमणा मारतो. आणि पुष्कळजण आपले नाव व आपले गाव सांगून मग बोलावयास लागतात. त्या भिंतीवर लिहिण्यास आता सक्त मनाई आहे.